महिपती गराड्याचं सांबर

महिपती गराड्याच्या नाकावर राग कायम बसलेला असे. लोणावळ्याच्या बाजारपेठेत त्याचा फोटोचा स्टुडिओ होता, आणि गिऱ्हाईक पायरी चढलं की आधी बोलणी, मग फोटो, असा तिथला रिवाजच पडून गेला होता. "हलू नका म्हटलं ना? मग मान कशाला वळवली? रस्त्यावर हत्ती चाललाय का?" मुंबईचे शेटजी, पारशी बाया, हवा पालटायला आलेली नवी जोडपी, सगळी त्याच्यापुढं शाळेतल्या पोरांसारखी ताठ उभी राहायची. फोटो मात्र असा निघे, की बोलणी खाल्लेली माणसंच पुढल्या उन्हाळ्यात आपल्या व्याह्यांना घेऊन परत येत.

मूळचा तो वडिवळ्याचा. घरची भाताची शेती होती आणि ती थोरला भाऊ अंबाजी बघे. महिपतीला गुडघाभर चिखलात वाकून उभं राहायचा जन्मजात कंटाळा. मिसरूड फुटायच्या आत तो लोणावळ्याला एका म्हाताऱ्या पारशी फोटोग्राफरकडं पाणी भरायला राहिला, ज्यांच्यावर फोटो उमटे त्या काचा धुता धुता फोटो काढायला शिकला, आणि म्हातारा थकल्यावर दुकान त्याच्याच गळ्यात पडलं. अंबाजी गावात सांगे, "आमचा महिपती लोणावळ्यात लोकांची तोंडं काढतो." हे महिपतीच्या कानावर आलं तेव्हा तो दिवाळीला घरीच गेला नाही.

त्याच्या स्टुडिओत फोटोसाठी मागं एक रंगवलेला पडदा असे. धबधबा, कमळं, आणि धबधब्याशी पाणी पिणारं हरीण. एकदा मुंबईच्या एक बाई पडद्यापुढं उभ्या राहिल्या, मागं वळून बघितलं आणि म्हणाल्या, "शेळी फार गोड काढलीय हो." बाई मनापासून म्हणाल्या होत्या, तीच तर पंचाईत. महिपतीनं पडदा जवळून निरखला. ती शेळीच होती. इतकी वर्षं तो मावळातला माणूस, ज्याच्या डोंगरात सांबरं फिरतात, लोकांना शेळीपुढं उभं करत आला होता. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला, आणि खरं सांगायचं तर लाजही वाटली. त्या दिवशी त्यानं ठरवलं, की एक सांबर काढायचं. खरं, जितं, आपल्या हातानं काढलेलं. ते पडद्यावर नको, दुकानाच्या दर्शनी काचेत पाहिजे.

ठरवणं सोपं होतं. सोमवारी दुकान बंद, म्हणून दर सोमवारी पहाटे हा गृहस्थ पाठीला मोठ्या कॅमेऱ्याची पेटी, खांद्यावर तिपाई, काखेत काळं कापड असा निघू लागला. बायको लीलाबाई दारात उभी राहून म्हणे, "बाजारात माणसं कमी पडली का?" 

जागा त्यानं हेरून ठेवली होती. कुरवंड्याच्या पुढं, डोंगरावरच्या वाडीच्या खालच्या अंगाला, जिथं मावळ संपतो आणि खाली एकदम कोकण दिसतं, त्या कड्याच्या अलीकडं खारट मातीची एक उघडी दरड होती. ती माती चाटायला सांबरं येत. आणि तिथलं धुकं! पाऊस ओसरला की पहाटे ते कोकणातून कडा चढून वर येई, झाडांत शिरे, आणि मग उजेड कुठल्याच बाजूनं न येता सगळीकडूनच आल्यासारखा वाटे. उन्हात काढलेल्या फोटोत तोंडावर काळे डाग पडतात. धुक्यात पडत नाहीत. पुढचं झाड काळं, मागचं राखाडी, त्यामागचं असून नसल्यासारखं. महिपतीला तो उजेड इतका आवडे, की तिथं बसलं की त्याचा रागसुद्धा थोडा वेळ उतरे. गिऱ्हाइकांनी त्याला तिथं बघितलं असतं तर ओळखलं नसतं.

अडचण एवढीच, की त्या उजेडात त्याच्या काचा धीम्या पडत. भिंगाची टोपी काढायची, सावकाश एक ते चार म्हणायचं आणि टोपी परत लावायची. तेवढा वेळ समोरच्यानं हलता कामा नये. माणसाला दटावता येतं. सांबराला काय सांगणार? ते माती चाटत असे, मान सारखी वरखाली करत असे. पहिल्या वर्षी महिपतीनं जेवढी सांबरं काढली ती सगळी बिनमुंडक्याची निघाली. चार पाय, पोट, शेपूट लख्ख, आणि मानेच्या जागी धूर. अंबाजी एकदा दुकानात आला, ते फोटो उलटसुलट करून बघितले आणि म्हणाला, "आधी तोंडं काढत हुतास, आता तोंड सोडून काढतोस व्हय?"

तरी सांबर एक वेळ परवडलं असतं. महिपतीला मेटाकुटीला आणलं ते वाडीच्या लोकांनी.

त्या कड्यावरची रीत अशी, की धुक्यात चालताना गप्प चालायचं नाही. माणूस हाळी देत जातो, "कूऽऽ", आणि ज्याच्या कानावर ती पडेल त्यानं असेल तिथून "ओऽऽ" म्हणायचं. मग तो कोण, कुठला, ओळखीचा की भांडणातला, हे बघायचं नाही. त्या आवाजावरून चालणाऱ्याला समजतं की आपण कुठं आहोत, कडा कुठल्या हाताला आहे. या रीतीला वाडीत देवाधर्माइतकं मानत. वाडीतल्या शिदूचा भाऊ येसू याच कड्यावरून पडून गेला होता. बिचारा हाळ्या देत होता. खाली लाकडं तोडणाऱ्या एकानं त्या ऐकल्याही होत्या, पण दुसरं कुणी ओ देईल म्हणून तो गप्प राहिला. तो माणूस पुढं वाडीत राहू शकला नाही.

महिपतीला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याच्या पहिल्याच सोमवारी वाडीतली भागूबाई पलीकडच्या वाटेनं लाकडाची मोळी घेऊन लोणावळ्याच्या बाजाराला निघाली होती. म्हातारी काटक, आवाज मात्र असा की दरीपलीकडचा कावळा उडावा. तिनं हाळी दिली. महिपती काळ्या कापडाखाली श्वास धरून बसलेला. सांबर कुठंतरी जवळच पाचोळा वाजवत होतं. तो कशाला बोलतोय? तिनं पुन्हा हाळी दिली. जरा आधी त्याच्या खोकल्याचा आवाज तिनं ऐकला होता, म्हणजे माणूस आहे, आणि ओ देत नाही म्हणजे पडलाय. मोळी टाकून ती वाडीत पळाली. थोड्या वेळात शिदू पुढं आणि अख्खी वाडी मागं, पत्र्याचे डबे बडवत, मशाली पेटवून रानात उतरली. धुक्यात त्यांना एक काळं, तीन पायांचं आणि खाली माणसाची ढांग असलेलं काहीतरी दिसलं. शिदूनं ते काठीनं ढोसलं.

"अरे, कोण आहे रे तो गाढव!" आतून आवाज आला.

"जित्ता हाय!" शिदू ओरडला. "भाऊ, तोंड हाय न्हवं तुमास्नी? मग बोलाया काय धाड भरली हुती?"

"मी सांबराचा फोटो काढतोय!"

"काडा की. ओ द्या आन् काडा."

पुढल्या सोमवारी त्यानं ओ दिली. समोर आलेलं सांबर एका उडीत कोकणात उतरल्यासारखं नाहीसं झालं. त्याच्या पुढल्या सोमवारी ओ दिली नाही, तर पुन्हा डबे. एकदा त्यानं हळूच, तोंडाशी हात धरून ओ दिली, तेव्हा भागूबाई वाट सोडून चौकशीला आली. "आवाज बसलाय जणू तुजा. आल्याचा रस घी." महिपतीनं कपाळावर हात मारून घेतला.

असं किती सोमवार चालावं? चांगली दोन-तीन वर्षं चाललं. या काळात महिपतीनं सांबरापेक्षा वाडीच्या लोकांचेच फोटो जास्त काढायला हवे होते. निदान ते तरी नेमानं समोर येत. शेवटी त्यानं तोड काढली. आपल्या अंधारखोलीतलं लाल फडकं आणून ते वाट फुटते तिथल्या हिरड्याच्या झाडाला बांधलं आणि सगळ्यांना बजावलं, की हे फडकं दिसलं म्हणजे मी खाली बसलोय. मग वाटेनं मुकाट जायचं. हाळी नाही, ओ नाही.

शिदूला ते पटलं नाही. "हाळी बंद करता येत न्हाई, भाऊ. ती काय भजन हाय का, आवडलं तर म्हनायचं?"

भागूबाईनं मात्र मान्य केलं. "राहू दे रं. येक सोमवार त्येचा. मला वाट ठावं हाय."

फडक्यानं हाळ्या थांबल्या, पण माणसं थांबली नाहीत. फडकं दिसलं की खाली महिपती बसलाय हे सगळ्यांना समजे, आणि मग जो तो पाय न वाजवता बघायला येई. एकदा त्यानं मागं वळून बघितलं, तर वाडीतल्या पाच-सहा बाया पदर तोंडाला लावून ओळीनं बसलेल्या.

"झाला का फोटू?" एकीनं कुजबुजून विचारलं.

"तुमी गेल्याबिगर कसा व्हईल?" महिपती दातओठ खात म्हणाला. राग फारच अनावर झाला की त्याची लोणावळ्याची भाषा सुटून वडिवळ्याची येई.

"आमी तर गपच हाव की!"

आणि एवढ्यात तिकडं विलायतेत लढाई पेटली. काचा यायच्या बंद झाल्या. मुंबईचा व्यापारी हात वर करून मोकळा झाला. दुकानाचं काम छोट्या कॅमेऱ्यावर कसंबसं निभत होतं, पण मोठ्या कॅमेऱ्याची एकच काच शिल्लक राहिली. ती काच महिपतीनं देव्हाऱ्याखालच्या कपाटात ठेवली, तेव्हा लीलाबाईनं तिच्या पेटीवर हळदकुंकू वाहिलं आणि नवऱ्याची बोलणी खाल्ली. एकच काच, म्हणजे एकच सांबर. लढाई कधी थांबेल, थांबली तरी त्या मापाच्या काचा परत येतील का, कुणाला सांगता येत नव्हतं. महिपतीचं वयही पन्नाशीकडं झुकलेलं. पेटी पाठीला लावून तो डोंगर किती वर्षं चढणार होता? त्याला कळून चुकलं होतं, की हे सांबर निघालं नाही तर मागं राहणार ती शेळी.

भादव्याचे आणि आश्विनाचे बरेचसे सोमवार त्यानं ती काच तशीच परत आणली. सांबर आलं तरी मान हलवत होतं, म्हणून टोपी काढली नाही. असा धीर त्यानं आयुष्यात कधी कुणापुढं धरला नव्हता.

मग एका सोमवारी धुकं असं दाटलं, की हिरड्याला फडकं बांधताना त्याला स्वतःचेच हात धड दिसेनात. दरडीसमोर येऊन तो बसला. हळूहळू उजेड वाढला, धुकं दरडीपुढं जरासं विरळ झालं, आणि सांबर आलं. मोठा नर, शिंगं भरलेली, मानेवर दाट आयाळ. ते दरडीपाशी गेलं आणि खाली मान घालून चाटू लागलं. वर, खाली, वर, खाली. महिपतीनं काच कॅमेऱ्यात सरकवली, टोपीवर हात ठेवला आणि थांबला.

तेवढ्यात लांबून, कड्याच्या बाजूनं, हाळी आली. "कूऽऽ!"

भागूबाई. तो आवाज त्यानं झोपेतसुद्धा ओळखला असता. त्याच्या डोक्यात अशी सणक गेली, की बोलता सोय नाही. फडकं बांधलंय, हिनं कबूल केलंय, आणि आज, नेमकं आजच, हिला गळा काढायचाय! पण त्याच क्षणी सांबरानं मान वर केली. कान पुढं टवकारले. आवाज जवळचा असता तर ते उधळलं असतं. तो लांबून आला म्हणून ते नुसतं ऐकत राहिलं. पाय रोवून, शिंगं मागं टाकून, दगडात कोरल्यासारखं उभं. इतक्या वर्षांत कुठलंच सांबर असं उभं राहिलं नव्हतं.

महिपतीनं टोपी काढली.

एक. दोन. हाळी परत आली, आता थोडी बारीक, थोडी थरथरती. त्याला ते जाणवलं. जाणवलं नाही असं नाही. तीन. चार. त्यानं टोपी लावली, काच बंद केली, आणि मगच उभं राहून ओरडला, "ओऽऽ! हिकडंऽऽ! भागूमावशी, हिकडं ये!" सांबर पाय आपटून गेलं. त्याच्या हाकेला पलीकडून ओ आली नाही. दगड घरंगळल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ म्हातारीची किंकाळी.

ओरडत, धडपडत तो गेला. कड्याच्या अगदी तोंडाशी करवंदीच्या जाळीत ती अडकली होती. मोळी खाली दरीत गेली होती. एक पाय खाली कपारीत पिरगळून अडकला होता आणि हाडाचं काय झालंय ते बघूनच कळत होतं. महिपतीनं तिला काखेत हात घालून वर ओढलं. धुक्यात तिची वाट चुकली होती. फडकं? फडकं तिला दिसलंच नव्हतं. अहो, दिसणार कसं? धुक्यात दिसेल अशी खूण लाल फडक्याची करतात का? ज्या दिवशी सगळं दिसतं त्याच दिवशी दिसणारी खूण महिपतीनं शोधून काढली होती, आणि वर्षभर ती वाडीतल्या शहाण्यासुरत्यांनीही पाळली होती.

"पयल्या हाळीला वाटलं, ओ येईल," भागूबाई दम खात म्हणाली. "न्हाई आली. म्हनलं, त्या अंगाला मानूस न्हाई, म्हंजी वाट बी न्हाई, मी उलटी आली. म्हनून फिरले, तर पाय गेला." मग तिनं त्याच्याकडं बघितलं. "महिपती, तू हितंच हुतास. पयल्या हाळीला ओ का न्हाई दिलीस?"

"ऐकली न्हाई मावशी," महिपती म्हणाला. "कापडाखाली हुतो. ऐकूच आली न्हाई."

तिनं मान हलवली. शिदू आणि वाडीची माणसं आली, तिला झोळीत घालून नेलं.

काच महिपतीनं त्याच दिवशी अंधारखोलीत धुतली.  आणि सांबर निघालं. असं निघालं, की आयुष्यात त्यानं इतका चांगला फोटो काढला नव्हता आणि पुढंही काढला नाही. मागं झाडं एकामागं एक विरत गेलेली, खाली ओली दरड, आणि मधोमध ते, मान उंच, शिंगाचं टोक न् टोक वेगळं, नाकपुडीवरचा ओलावासुद्धा दिसत होता. मोठा करून त्यानं तो दर्शनी काचेत लावला. बाजारात माणसं थांबून बघत. बंगलेवाले चार लोकांना घेऊन येत. अंबाजी वडिवळ्याहून मुद्दाम आला, बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "आता खरं तोंड काढलंस." महिपतीनं आयुष्यभर ज्या एका वाक्याची वाट बघितली होती ते हे, आणि ते ऐकून त्याला काहीच वाटलं नाही. उलट चीड आली. "पण उभं कसं राहिलं हो असं?" असं कुणी विचारलं की तो खेकसे, "राहिलं! मला काय विचारता? त्याला विचारा!"

भागूबाईचा पाय जुळला, पण वाकडा. मोळी घेऊन डोंगर उतरणं संपलं. महिपती दोन-तीनदा वाडीत जाऊन आला, वडिवळ्याचे नवे तांदूळ देऊन आला. म्हातारीनं तांदूळ ठेवून घेतले आणि पावसापाण्याच्या गोष्टी केल्या. चार म्हणायला लागतो तेवढाच तर उशीर, असं तो मनाशी म्हणे. तेवढ्यानं काय झालं असतं? आणि त्याला उत्तर ठाऊक असे, म्हणून तो बायकोवर ओरडे.

उन्हाळ्यात एके सकाळी शिदूच्या बैलगाडीतून भागूबाई बाजाराला आली. काठी टेकत टेकत दुकानापाशी थांबली. महिपती आत एका जोडप्याला पडद्यापुढं उभं करत होता; तिला बघून तो लगबगीनं बाहेर आला. ती काचेतलं सांबर बघत होती. आधी पाय बघितले, मग शिंगं, आणि मग बराच वेळ नुसते कान. ते कान पुढं टवकारलेले, दोन्ही एकाच बाजूला वळलेले, कड्याच्या बाजूला. तिनं बोट काचेला लावलं.

"ह्येनं ऐकली बग," ती म्हणाली.

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. रागाला राग द्यायला महिपतीला येत होतं. ती काठी सावरून वळली आणि गाडीकडं चालू लागली. महिपती तिच्यामागं पायरी उतरला, "मावशी" म्हणाला, आणि तिला गाडीत चढवायला पुढं झाला.